अर्धी पेंडी

दोरी मला दिसलीच नाही. पाऊस तोंडावर येत होता, डोक्यावर पोत्याची खोळ होती आणि मी खाली मान घालून चाललो होतो. सावरटोल्याच्या शिवेवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या होत्या आणि त्यांच्यामध्ये हळदीत भिजवलेलं सूत जमिनीलगत ओढलेलं होतं. मी ते ओलांडून आत आलो. लगेच माझ्या मागं कोणीतरी शेवटची खुंटी ठोकली.

समोर एक मुलगी उभी होती. एका हातातल्या सुपातून शिवेवर तांदूळ पडत होते, दुसऱ्या हातानं नाकावर पदर धरलेला. तिनं आधी माझ्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"अडकले," ती म्हणाली.

"कोन?"

"तुमी. आता पाच दिवस कुठी जानं नाई."

तिचे डोळे हसत होते, पण मधूनच ती वळून गावातल्या घरांकडं पाहत होती. तिचे वडील त्याच सकाळी तापानं अंथरुणाला लागले होते, हे मला नंतर कळलं.

ही सत्तावन सालच्या आषाढातली गोष्ट. त्या वर्षी मोठ्या शहरांतून एक नवा ताप निघाला आणि गाडीबरोबर गावोगाव उतरत आमच्या मुलखात आला. शिकलेले लोक त्याला फ्लू म्हणत. म्हातारे लोक म्हणत, मानमोडी परत आली. अठरा सालच्या मानमोडीत घरंच्या घरं बसली होती. ते ज्यांनी लहानपणी पाहिलं होतं ते आता गावचे जाणते होते, म्हणून भीती जास्त होती. मी वडशाला गाडीतून उतरलो तेव्हा बाजार बंद, शाळा बंद, कुरखेड्याकडे जाणारी मोटर बंद. चहावाल्यानं कप पुढं करण्याआधी विचारलं, खोकता का?

मी मूळचा कोरपन्याचा. आमच्याकडे कापूस. भाताची शेती मी तोवर गाडीच्या खिडकीतूनच पाहिली होती. ताप येतो आहे हे ऐकून आई घाबरली होती. माणसाचा भरवसा नाही, तू लग्न तरी ठरवून ये, असं म्हणून तिनं मला पाठवलं. मामा दादाजींनी कुरखेड्याजवळची एक मुलगी सुचवली होती. तिला पाहायला मी पायी निघालो होतो आणि मधल्याच गावात अडकलो.

ताप शिवेबाहेर राहावा म्हणून असं सूत ओढून गाव बांधणारा पुजारी डोमा हा सत्तरीचा माणूस. हातात हातोडा घेऊन तो माझ्याकडं रागानं पाहत होता. मला बाहेर हाकलावं असं दोघातिघांचं मत पडलं. डोमा म्हणाला, आता सूत ओलांडलं तर बंधन तुटते, मग सगळ्या गावाचं काय ते तुमी पाहा. शेवटी ठरलं की मी बंद शाळेच्या ओसरीवर राहायचं, कोणाच्या घरात शिरायचं नाही. आणि ज्या घरचे तांदूळ पडत असताना मी आत आलो, त्या घरानं मला जेवायला घालायचं.

तांदूळ त्या मुलीच्या सुपातले होते.

संध्याकाळी ती पळसाच्या पानावर भात आणि वरण घेऊन आली. ओसरीच्या टोकाला पान ठेवलं आणि दहा हात मागं सरकून उभी राहिली. मी जेवतो की नाही ते पाहायला, असं ती म्हणाली. मी नाव विचारलं. गुणा.

"तुमचं?"

"भैयाजी."

ती हसली. "हे नाव आमाले घेता येत नाई."

"काऊन?"

"भैया म्हटलं का भाऊ होते मानूस. मले भाऊ नाई, हे खरं... पन म्हनून शिवेवर सापडला तो उचलाव का?"

मग तिनं मी कुठला ते विचारलं. कोरपना सांगितलं तर म्हणाली, म्हणजे निजामाकडचे. आमचा भाग हैदराबादेतून सुटून वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसापासून मी निजामवाले झालो. कुठं चालले होते, हेही तिनं काढून घेतलं.

"पोरगी पाहाले? अशा तापात?"

"आईनं पाठवलं."

"अना पोरीनं नाई म्हटलं तं?"

"तं घरी जाईन."

"एवढ्या दुरून येऊन?" ती जायला वळली. "बिचारी वाट पाहत असन..." असं म्हणून ती गेली. ते खरं बोलली की चिडवलं, याचा विचार मी त्या संध्याकाळी बराच वेळ करत बसलो.

दुसऱ्या दिवशी हसणं कमी झालं. तिचे वडील मुखरूभाऊ तापात बडबडत होते. मानमोडीत त्यांचे आई-बाप आणि मोठी बहीण एका आठवड्यात गेले होते, तेव्हा ते सहा वर्षांचे होते. आता तापात ते त्या बहिणीला हाका मारत होते. दुपारी गुणाची आई रुखमाबाईही पडली. पान ठेवून जाताना गुणानं एवढंच सांगितलं की घरातलं मीठ दोन दिवसांचं आहे, घासलेट संपलं आहे आणि आगपेटीत चार काड्या आहेत. एरवी शेजारून विस्तव आणता येतो, पण त्या दिवसांत कोणी आपल्या चुलीचा विस्तव दुसऱ्याला देत नव्हतं. ती राखेखाली निखारे जपत होती.

त्याहून मोठी काळजी मला ओसरीवरून दिसत होती. शाळेसमोरच त्यांची शेती होती. दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले भाताचे तुकडे, चिखल करून तयार, पाणी भरलेलं, आणि कोपऱ्यात पऱ्हे, लावायची रोपं, उभे. मुखरूभाऊंनी या दोन बांध्यांचा चिखल पुरा केला आणि मग ते पडले होते; मागून पेरलेल्या पऱ्ह्यांची नाल्याकडची लहान बांधी तशीच राहिली होती. पऱ्हे दाट, हिरवेगार होते, पण शेंडे पिवळे पडायला लागले होते. गुणानं मला समजावलं. भाताच्या रोपाला महिना उलटला की त्याला गाठ धरते, मग ते लावलं तरी त्याला फुटवा येत नाही, लोंबी धरत नाही. यांच्या रोपाला अठ्ठावीस दिवस झाले होते. रोवणी करणाऱ्या बायका येणार नव्हत्या. प्रत्येक घरात कोणी ना कोणी पडलेलं, आणि डोमानं सांगितलं होतं की एकमेकांच्या बांधीत उतरायचं नाही. तीन माणसांचं वर्षाचं पोट मुख्यतः त्या दोन बांध्यांवर होतं.

"मंग कोन लावन?" मी विचारलं.

"मी."

"एकटी?"

"दुसरं कोन हाये?" ती म्हणाली. तिनं ते माझ्याकडून उत्तर हवं म्हणून विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना मी पाहिलं, ती वाकून रोपं उपटत होती. उपटलेली रोपं पाण्यात धुवून तिनं पेंड्या बांधल्या, डोक्यावर घेऊन बांधीच्या कडेला टाकल्या. पाऊस बारीक होता. मग तिनं एक पेंडी वेगळी काढली, तिला कुंकू लावलं आणि ती हातात घेऊन चिखलात उभी राहिली. उभीच राहिली. मला वाटलं तिला चक्कर आली, ताप चढला. घरात शिरायचं नाही एवढंच मला सांगितलं होतं; बांधीत न उतरायचं डोमानं गावच्या लोकांना सांगितलं होतं, मला नाही. मी धोतर वर खोवलं आणि बांधीत उतरलो.

"दे इकडं," मी म्हणालो.

तिच्या हातातली पेंडी तिनं मधून सोडली होती, अर्धी एका हातात आणि अर्धी दुसऱ्या हातात. मी तिच्या उजव्या हातातली अर्धी घेतली. ती माझ्याकडं पाहत राहिली. मग खाली वाकली आणि तिनं पहिली रोपं खुपसली, तिच्या शेजारी मी खुपसली. बांधावर आशाबाई नावाची म्हातारी शेळी घेऊन उभी होती. तिचं तंबाखू चघळणं थांबलेलं मला दिसलं. मला वाटलं, बाप्या माणूस रोवतो याचं तिला नवल वाटलं असेल. तिकडे रोवणं हे बायकांचं काम, एवढं तरी मला गाडीत कळलं होतं.

मला रोवता येत नव्हतं. कापूस पेरताना माणूस पुढं चालतो. मी लावत लावत पुढं गेलो, आणि मागं वळून पाहिलं तर माझ्याच पायांनी माझी रोपं तुडवली होती. गुणा पोट धरून हसली. घरात दोन माणसं तापात होती, तरी हसली. आणि हसता हसता एकदम गप्प झाली, जसं काही कोणी रागावेल.

"मागं सरकत जाव लागते," ती म्हणाली. "लावलेलं नेहमी समोर दिसलं पायजे."

"अना मागं कोन असन ते कसं समजन?"

"मी असीन ना... धक्का लागला का समजन."

दोनदा लागला. एकदा माझा, एकदा तिचा. तिचा मुद्दाम होता, असं मी पुढं कितीदा म्हणालो आणि तिनं कधी कबूल केलं नाही.

गुणा जाऊन आता दीड वर्ष होईल. तिचा चेहरा आठवायला गेलो तर मला आधी तिचे हात आठवतात. अंगठा आणि दोन बोटांत चार रोपं धरायची, चिखलात घालायची, बोट काढताना खड्डा बुजवायचा. किती लवकर करायची ती. मी शेवटपर्यंत तिच्या निम्म्यानंच लावत राहिलो.

दुपारी ती घरी जाऊन यायची. दोघांना काढा पाजायची, कपाळावर ओली पट्टी ठेवायची, चुलीतले निखारे पाहायची आणि पुन्हा बांधीत. दर वेळी ती परत येताना मी तिचा चेहरा पाहायचो. चौथ्या दिवशी गावात दोन माणसं गेली, एक म्हातारा आणि एक बाळंतीण. प्रेताबरोबर चौघांच्या वर कोणी गेलं नाही. ते आमच्यासमोरून बांधावरून गेले. आम्ही दोघं वाकलेले सरळ झालो आणि तसेच उभे राहिलो.

ते दिसेनासे झाल्यावर ती बांधावर बसली. तिचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते, म्हणून तिला डोळे पुसता येत नव्हते.

"बाबा वाचतीन का?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं की माझीही आई घरी एकटी आहे. शेजारची पोरं पाणी भरून देतात, पण आता ती तरी येत असतील की नाही कोण जाणे. रोज सकाळी मीही हेच विचारतो आणि कोणाला विचारावं ते समजत नाही.

ती माझ्याकडं पाहत होती. "तुमी आईचं कधी बोलले नाई."

"तू कधी विचारलं नाई. तू त्या पोरीचंच विचारत राह्यली."

तिनं रडता रडता हसू दाबलं. मग मनगटाच्या मागच्या, चिखल न लागलेल्या भागानं माझ्या भुवईवरचा चिखल पुसला. एवढंच. आणि आम्ही पुन्हा वाकलो, कारण अर्धी बांधी राहिली होती आणि पाऊस उघडायला लागला होता.

पाचव्या दिवशी दुपारी रोवणी संपली. त्याच दुपारी मुखरूभाऊंना घाम फुटला, ताप उतरला, त्यांनी पेज मागितली. रुखमाबाई भिंतीला टेकून बसली. गुणा मला हे सांगायला शाळेपर्यंत धावत आली, आणि जवळ आल्यावर चालायला लागली.

संध्याकाळी मुखरूभाऊंनी मला बोलावलं. मी अंगणात उभा राहिलो. ते ओसरीवर गोधडी पांघरून बसले होते, चेहरा पार उतरलेला. दाराशी आशाबाई बसली होती. तिनं सगळं सांगून झालं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"पाहुणे," मुखरूभाऊ म्हणाले, "पयली पेंडी तुमी लावली का?"

मी अभिमानानं हो म्हणालो. अर्धी मी लावली, अर्धी गुणानं.

रुखमाबाईनं डोळे मिटले. मग मुखरूभाऊंनी मला हळूहळू, दम घेत समजावलं. त्यांच्याकडे रोवणीची पहिली पेंडी घरच्या नवरा-बायकोनं लावायची असते. कुंकू लावून, अर्धी त्यानं आणि अर्धी तिनं. दुसऱ्या कोणी लावत नाही. लावली तर ती जोडी झाली असं गाव धरतं. गुणा त्यांची एकच मुलगी. आज आशाबाईला माहीत आहे, उद्या सूत सुटलं की चार गावांना माहीत होईल. मग तिला कोण पाहायला येईल?

तिच्या घरावर एवढं संकट असताना मी त्यात आणखी एक घातलं होतं. मी माफी मागितली. आमच्याकडे कापूस असतो, मला हे माहीत नव्हतं, असं दोनतीनदा म्हणालो.

"तुमचा दोष नाई," ते म्हणाले. "तुमी नसते तं आमी वरीसभर का खाल्लं असतं? याले उपाय हाये. सकाळी ते रोपं उपटून नाल्यात टाका. मी अना रुखमा बरे झालो का तेथी दुसरे लावून देऊ. उपटलं का झालं. अना तुमी तुमच्या कामाले जा, ती पोरगी पाहाले."

आशाबाईनं मान डोलावली. हे सगळ्यांना रास्त वाटलं. गुणा आत चुलीपाशी होती. तिच्या हातून एक भांडं पडल्याचा आवाज आला.

सकाळी डोमानं सूत तोडलं. लोक शिवेपर्यंत जाऊन उगाच परत आले. मी माझी पिशवी घेतली आणि बांधीकडं गेलो. गुणा तिथं आधीच उभी होती. वडिलांनी तिला पाठवलं होतं, जागा दाखवायला.

"कोनती होती?" तिनं विचारलं.

विचारायची गरज नव्हती. तिची ओळ सरळ होती, आणि तिच्या बाजूला माझी वाकडी, नशा केल्यासारखी. कालपरवा लावलेली रोपं अजून पिवळी होती. ही मात्र हिरवी झाली होती. मुळं धरली होती त्यांनी.

ती वाकली, रोपांच्या बुडाशी बोटं घातली, आणि तशीच राहिली.

"उपटत काऊन नाई?" मी म्हणालो.

"तुमी उपटा. तुमी लावली."

"अर्धी तू लावली."

ती सरळ झाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "तिकडं गेल्यावर... त्या पोरीले का म्हनसान?"

"पाहिलीच नाई, तं का म्हनू?"

"पाहून घ्या. चांगली असन. मानसानं पाहून ठरवाव."

"मी पाहिलं," मी म्हणालो.

तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, आता बोललो नाही तर रस्ताभर स्वतःला शिव्या देत जावं लागेल. म्हणून मी म्हणालो, "मले रीत माईत नव्हती, गुणा. माईत असती तं मी ती पेंडी तुह्या हातातून अशी ओढून नसती घेतली. विचारून घेतली असती."

बांधीतून पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज.

"तुमाले माईत नव्हती," ती म्हणाली. "मले तं होती ना."

मला आधी समजलंच नाही.

"मी हात मागं घेऊ शकत होती," ती म्हणाली. "नाई घेतला. पेंडी घेऊन उभी होती तं मनात येत होतं, आईबाबा दोघंबी पडले, आता जोडी कुठून आनू... अना तुमी उतरले. घरात कोनी कोनाच्या जवळ येत नव्हतं, शेजारची बाई दार लावून घेत होती, अना तुमी सरळ चिखलात उतरले. मले वाटलं, राहू दे. पुढचं पुढं पाहू." मग तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "आता तुमाले रीत माईत हाये. उपटाची असन तं उपटा. मी काई म्हननार नाई."

मी पिशवी बांधावर ठेवली. चिखलात उतरलो आणि माझ्या वाकड्या ओळीतलं एक कललेलं रोप बोटानं दाबून सरळ केलं.

आम्ही घराकडं आलो तेव्हा मुखरूभाऊ ओसरीवर बसून रस्त्याकडं पाहत होते. गुणा त्यांच्याकडं न पाहता आत गेली. रांजणातून पाणी घेऊन पाय धुण्याचा आवाज येत राहिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"उपटली का?" त्यांनी मला विचारलं.

"नाई."

त्यांनी माझ्या गुडघ्यापर्यंतच्या ताज्या चिखलाकडं पाहिलं, मग हातातल्या पिशवीकडं. आतून पाण्याचा आवाज थांबला. ते खोकले, छाती धरून बसले, पुन्हा खोकले. मला वाटलं, आता जा म्हणतील.

"नाल्याकडची बांधी राह्यली," ते म्हणाले. "चिखल कराचा हाये. माह्यात तं जीव नाई."

मी पिशवी ओसरीवर ठेवली आणि चिखलाला जुंपायचे हले, त्यांचे रेडे, कुठं बांधले आहेत ते विचारलं.